वशिंड सातासमुद्रापार

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दुपारी तोफांचा भडिमार सुरू झाला. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची कंपनी सरकारची फौज. मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि गोलंदाज कसलेले होते. त्यांचा पहिला मारा कंपनीच्या तोफा ओढणाऱ्या बैलांवर आणि ते हाकणाऱ्या माणसांवर बसला. बैल जागच्या जागी कोसळले, तोफा चिखलात रुतल्यासारख्या उभ्या राहिल्या. शेवटी वेलस्लीने तोफा मागे सोडून पायदळाला पुढे काढले. ती लढाई त्याने जिंकली, पण दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, तरी असईची आठवण त्याच्या मनातून गेली नाही.

शाळेच्या पुस्तकात या लढाईतले घोडे आणि तोफा येतात, बैल येत नाहीत. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात मात्र बैल पानोपानी आहेत. किती बैल उभे आहेत, किती लंगडले, चारा कुठे मिळेल, हाकणाऱ्यांना वेळेवर पगार मिळतो की नाही, याची चौकशी तो सतत करत असे. चांगली, नीट हाकलेली आणि नीट सांभाळलेली जनावरे नसतील तर दख्खनमध्ये वेगाने हालचाल करणे अशक्य आहे, हे त्याचे ठाम मत होते. त्याच्याकडे त्या वेळचे हिंदुस्थानातले सर्वांत नावाजलेले बैल होते. म्हैसूरच्या वोडेयर राजांनी जोपासलेले आणि टिपू सुलतानाने ‘अमृतमहाल’ या नावाने वाढवलेले हे कळप १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीच्या हाती आले होते. त्यांच्याच जोरावर वेलस्ली म्हैसुराकडून पुण्याला, पुण्याहून अहमदनगरला आणि तिथून गोदावरी ओलांडून जालन्याच्या मुलखात आला. दुसरीकडून आलेल्या कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला घेतला होता. फौजेला धान्य पुरवणारे लमाणांचे तांडेही पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरच चालत.

मराठवाड्याच्या इतिहासात बैलाला जी जागा आहे, ती अशी कामाची आहे. काळ्या भारी जमिनीत पावसानंतर पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा जमिनीत नांगर ओढायला, कपाशीच्या गाड्या जिनिंगपर्यंत न्यायला, मोट ओढायला ताकद लागे. जालना हे निजामाच्या राज्यातले कापसाचे आणि धान्याचे मोठे पेठेचे गाव. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुने जालना, दुसऱ्या काठाला कादराबादची बाजारपेठ. १८२७ मध्ये इथे लष्करी छावणी बांधली गेली आणि १९०३ पर्यंत तिथे फौज होती. ब्रिटिश फौजेत गोऱ्या शिपायाच्या शिध्यात बीफ ठरलेलेच असे. पण छावणीची गरज ही छावणीपुरतीच राहिली. भोवतालच्या शेतकऱ्याने जनावर मांसासाठी वाढवले नाही. त्याला बैल हवा होता, बैल देणारी गाय हवी होती, आणि दूध मिळालेच तर तो वरचा लाभ होता.

ही निवड किती बारकाईची होती हे बैलबाजारात कळते. घेणारा आधी बैलाचे तोंड उघडतो. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा, मग सहादाती, आणि सगळे दात आले की बैल जुळला म्हणतात. मग तो बैलाला चार पावले चालवून मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो का ते पाहतो. हाताने वशिंड चाचपतो, मानेखालची पोळी किती लोंबते ते बघतो, शेपटीचा गोंडा आणि कातडीवरचे भोवरे तपासतो. भावाची बोलणी उपरण्याखाली, बोटे धरून होतात. घेणारा आणि विकणारा हेडा दोघांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, सगळा व्यवहार कापडाखालच्या पेरांवर चालतो. यात वजनाचा विषय कुठेच येत नाही. मांसाच्या धंद्यात सर्वांत पहिला प्रश्न वजनाचा असतो, आणि आपल्याकडच्या हजारो वर्षांच्या निवडीत तो प्रश्न विचारलाच गेला नाही.

याच निवडीतून मराठवाड्याच्या दोन जाती तयार झाल्या. कंधार, लोहा, अहमदपूर या पट्ट्यातली गडद तांबडी लाल कंधारी, आणि उदगीर-देवणी भागातली काळी-पांढरी देवणी. देवणीत रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार जाणकार ओळखतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्याच्या अंगावर खालच्या भागात काळे ठिपके, शेवऱ्याचे ठिपके कुठेही पसरलेले. जालना जिल्ह्यात या जातींचे रक्त गावरान जनावरांत मिसळलेले दिसते. नांदेडजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जातींचे देखणे नमुने आजही उतरतात.

आता मूळ विषय. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने शेतकऱ्यांना परदेशातली शेती दाखवण्यासाठी अभ्यास दौऱ्यांची योजना सुरू केली, त्याला आता बरीच वर्षे झाली. खर्चाचा काही भाग सरकार देते, काही शेतकरी भरतो. सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. इस्रायलचे ठिबक, नेदरलँड्सची हरितगृहे, युरोपातले दूध हे दौऱ्यांचे ठरलेले विषय. जालना हा अशा शिकण्याला उत्सुक असलेला जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कडवंची गावाने पाणलोटाच्या कामावर द्राक्षबागा उभ्या केल्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात बाहेरून शिकून आलेले अनेक प्रयोग झाले. असा शेतकरी उद्या मांसासाठी गुरे पाळण्याची शास्त्रीय पद्धत पाहायला परदेशी जायचे म्हणाला, तर त्याने कुठे जावे?

उत्तर शोधू लागले की एक विलक्षण गोष्ट हाती लागते. मांसासाठी गुरे पाळण्याचा अभ्यास करायला समुद्र ओलांडण्याची पद्धत जुनी आहे, पण गेल्या दीडशे वर्षांत तो प्रवास उलट्या दिशेने झाला. अमेरिका आणि ब्राझीलचे पशुपालक हिंदुस्थानात आले.

याचे कारण गोचीड. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः टेक्सासमध्ये, एकोणिसाव्या शतकात ‘टेक्सास फीवर’ नावाच्या तापाने गुरे पटापट मरत. टेक्सासचे कळप उत्तरेकडे हाकत नेले की वाटेतली दुसऱ्यांची जनावरे तापाने आडवी होत, म्हणून वाटेवरचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवत. हा ताप गोचीड पसरवते हे थिओबाल्ड स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. रोग एखाद्या संधिपाद जिवामार्फत पसरतो हे दाखवणारे ते सुरुवातीचे मोठे संशोधन. ‘शांघाय’ या टोपणनावाने ओळखला जाणारा टेक्सासचा मोठा पशुपालक एबल पिअर्स याला आधीपासूनच गोचिडीचा संशय होता. गोचीड न बाधणारी जनावरे शोधण्यासाठी त्याने युरोपचा दौरा केला. हा खऱ्या अर्थाने बीफच्या शेतीचा परदेश अभ्यास दौरा होता. त्याला पक्के उत्तर मिळाले नाही, पण वशिंडाची भारतीय गुरे या रोगाला पुरून उरतील असा विश्वास घेऊन तो परतला. १९०० मध्ये तो वारला.

त्याचा भाचा ए. पी. बॉर्डेन याने मामाचा विचार पूर्ण केला. १९०६ मध्ये त्याने थॉमस ओकॉनर या दुसऱ्या टेक्सासकराच्या साथीने हिंदुस्थानातून गुरे नेली. न्यूयॉर्कजवळ जनावरे उतरताच विलगीकरणात ठेवली गेली आणि काहींच्या रक्तात ‘सरा’ या रोगाचे जंतू सापडले. ती मारावी लागली. शेवटी ३० वळू आणि ३ गायी टेक्सासला पोहोचल्या. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत गेलेल्या भारतीय वळूंची संख्या सुमारे २६६ आणि गायींची अवघी २२ मानली जाते. एवढ्या थोड्या जनावरांतून आजची ‘अमेरिकन ब्राह्मण’ ही जात उभी राहिली. तिच्या संघटनेची स्थापना १९२४ ची. तिच्यात चार भारतीय जातींचे रक्त आहे: गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल, आणि चौथी आपल्या दारातली कृष्णाकाठची.

कृष्णाकाठच्या या ‘कृष्णा व्हॅली’ जातीकडे मराठी वाचकाचे लक्ष थांबायला हवे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या खोऱ्यात, सांगली, मिरज, जमखंडी अशा दक्षिण महाराष्ट्रातल्या पटवर्धन आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जात मुद्दाम घडवली गेली. काळ्या चिकट जमिनीत भारी नांगर ओढण्यासाठी मोठा, जाड हाडाचा, संथ पण अफाट ताकदीचा बैल हवा होता. गुजरातच्या गीरचे, आंध्रच्या ओंगोलचे आणि म्हैसुरी जनावरांचे रक्त स्थानिक गुरांत मिसळून तो तयार झाला. आपल्या लोकांनी तो नांगरासाठी घडवला. तोच मोठा सांगाडा पाहून परदेशी पशुपालकांच्या मनात मांसाचा हिशेब आला, आणि कृष्णा व्हॅलीचे वळू अमेरिकेला आणि ब्राझीलला गेले. इकडे विहिरीवर इंजिन आले, शेतात ट्रॅक्टर आला, त्या भारी बैलाचे काम संपले आणि त्याच्यासोबत त्याची जातही आटत गेली. आज सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर या भागांत शुद्ध कृष्णा व्हॅली जनावर शोधावे लागते.

ब्राझीलची गोष्ट याहून मोठी आहे. १८६८ मध्ये इंग्लंडकडे निघालेले एक जहाज साल्वादोर बंदरात थांबले आणि त्यावरची ओंगोल जोडी तिथे विकली गेली. १८७८ मध्ये रिओ प्रांतातल्या मानोएल लेमग्रुबर नावाच्या जमीनदाराला जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात ही वशिंडाची जनावरे दिसली आणि त्याने तिथून ती मागवली. मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबा भागाचे लोक मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. त्या भागातून तेओफिलो द गोदोय १८९३ मध्ये थेट हिंदुस्थानात आला. पोर्तुगीज बोलणारा माणूस, भाषा येत नाही, हवामान अनोळखी, जहाजाचा प्रवास महिन्यांचा. त्याच्यामागून उबेराब्याचे कितीतरी व्यापारी तीस वर्षे येत राहिले. ते बाजारांत, संस्थानिकांच्या गोठ्यांत फिरले, वळू निवडले आणि जहाजात चढवले.

या प्रवासांनी एकदा मोठे संकटही ओढवले. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात वाटेत उतरवली गेली. त्यांच्यासोबत बुळकांडी युरोपात शिरली. मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्याला बुळकांडीचे नाव सांगावे लागत नाही. डोळ्यांना पाणी, तोंडात फोड, रक्तमिश्रित हगवण, आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. युरोप हादरला. त्यातूनच २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी एकत्र येऊन पॅरिसमध्ये जनावरांच्या रोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाते ती हीच. ब्राझीलमध्येही १९२१ मध्ये बुळकांडी आली आणि त्या देशाने भारतीय गुरांची आयात बंद केली.

या रोगाशी लढण्याचा इतिहासही महाराष्ट्रातून सुरू होतो. हिंदुस्थानातली जनावरांच्या रोगांवरची पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात उघडली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, कारण बुळकांडीच्या विषाणूवर काम करायला वस्तीपासून दूर थंड जागा हवी होती. पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली ती हीच. तिथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात शेळ्यांच्या शरीरातून पुन्हापुन्हा नेऊन विषाणू सौम्य केला आणि त्याची लस बनवली. गावोगाव लसीकरण झाले. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून नाहीसा केलेला तो दुसरा रोग.

बंदी असतानाही ब्राझीलला भारतीय रक्ताची ओढ होती. १९६० च्या सुमारास सेल्सो गार्सिया सीद या पशुपालकाने भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातून गीर वळू नेला, त्याचे नाव कृष्ण. १९६२ मध्ये शेवटची मोठी आयात झाली. त्या गुरांना ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या फर्नांदो द नोरोन्या बेटावर विलगीकरणात ठेवले. अँटवर्पचा धडा विसरला गेला नव्हता. त्या जहाजांतून गेलेल्या करवडी नावाच्या ओंगोल वळूचे वंशज आज ब्राझीलच्या कळपांत लाखोंनी आहेत. त्या देशात २० कोटींहून जास्त गुरे आहेत, मांसाच्या कळपांत बहुसंख्य जनावरे आंध्रच्या ओंगोलची वंशज आहेत, आणि जगात बीफ निर्यातीत ब्राझील पहिला आहे. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकेतून हीच वशिंडाची रक्तरेषा क्वीन्सलंडसाठी आणली. टेक्सासच्या किंग रँचने शॉर्टहॉर्नशी संकर करून सांता गर्ट्रुडिस ही जात घडवली आणि १९४० मध्ये ती मान्य झाली. जगाच्या उष्ण प्रदेशातले बीफ आज भारतीय गुरांच्या पाठीवर उभे आहे.

त्याच काळात आपण काय आणत होतो? दूध. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि परदेशी जर्सी-होल्स्टीन वळूंचे गोठवलेले वीर्य गावागावांत, सायकलवर, मोटारसायकलवर शेतकऱ्याच्या दारात नेले. पश्चिम महाराष्ट्रातले दूध वाढले त्यात या कामाचा वाटा मोठा. हे काम खरोखर थोर होते. पण त्याच वर्षांत लाल कंधारी, देवणी, कृष्णा व्हॅली यांच्या वंशावळी फारशा कोणी लिहिल्या नाहीत, त्यांची वजने फारशी कोणी घेतली नाहीत. उबेराब्यात १९३८ पासून वशिंडाच्या गुरांची वंशावळ अधिकृतपणे नोंदली जाते. ज्या देशातून ती गुरे गेली, तिथे मात्र एखाद्या वळूचा आजा कोण, याचे उत्तर बहुतेक गोठ्यांत आजही ‘गावचाच होता’ एवढेच मिळते.

महाराष्ट्रात मांसासाठी गायबैल पाळण्याचा मार्ग आता कायद्याने बंद आहे, हे दौऱ्याची आखणी करणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईंच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल आणि वळूंचा समावेश करणारी दुरुस्ती मंजूर केली, तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ती लागू झाली. उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेले बीफ जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशींना ही बंदी लागू नाही. भारतातून परदेशी जाणारे बीफ हे मुख्यतः म्हशीचे मांस असते.

या कायद्याचा परिणाम जालन्याच्या शेतकऱ्याला दुष्काळात फार जवळून जाणवला. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात माणसे टँकरवर आणि गुरे छावण्यांत जगली. पुढे २०१५-१६ चा दुष्काळ आला तेव्हा कायदा लागू झाला होता. चारा नाही, पाणी नाही, आणि म्हातारा बैल बाजारात नेला तर त्याला गिऱ्हाईक नाही. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली होतीच. राज्यातली गुरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांवर आली. कायद्याबद्दल मते वेगवेगळी आहेत आणि ती राहतील. पण बैल गोठ्यात ठेवायचा खर्च परवडत नाही आणि बाजारात त्याला मोल नाही, ही दुहेरी अडचण शेतकऱ्याने एकट्याने सोसली, हे मान्य करायलाच हवे. या अडचणीवर गोशाळा हे एकमेव उत्तर पुरे पडत नाही.

मग जालन्याच्या शेतकऱ्याने बीफचा देश पाहून काय करावे? बरेच काही करता येईल. टेक्सासच्या उत्तरेकडचे मक्यावर गुरे पुष्ट करणारे प्रचंड गोठे पाहण्याची त्याला गरज नाही. मका आणि पाणी यांचा तो हिशेब मराठवाड्यात बसणार नाही. ब्राझीलमध्ये जंगल तोडून कुरणे केली गेली, तेही शिकून आणू नये. पण कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारणे, प्रत्येक वासराचे ठरावीक दिवशी वजन घेणे, खोड्याकडे जाताना जनावर बिथरू नये म्हणून खोड्याची वाट वळणदार बांधणे, ज्या वळूची वासरे वजनात मागे पडतात त्याला कळपातून काढणे, या गोष्टी कुठल्याही जनावराला लागू होतात. बैल ताकदीसाठी निवडायचा असो, गाय दुधासाठी असो, उस्मानाबादी बोकड मांसासाठी असो, आधी नोंद लागते. गोचिडीला आणि उन्हाला तोंड देणारी रक्तरेषा कोणती हे नोंदीशिवाय कळत नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग जळगावकडून पसरत मराठवाड्यात आला तेव्हा कोणती जनावरे तगली आणि कोणती गेली, याची गोठानिहाय नोंद असती तर ती आज सोन्याच्या मोलाची ठरली असती.

पायाभूत तयारी आता राज्यात आहे. गुरांच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारला जातो, आणि जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. आज त्या बिल्ल्याचा उपयोग लसीकरण आणि बाजाराची पावती एवढाच दिसतो. त्याच क्रमांकापुढे वडिलांचा क्रमांक, आईचा क्रमांक, जन्माचे आणि वर्षाचे वजन लिहिले, तर उबेराब्याची नोंदवही जालन्यात सुरू झाली असे म्हणता येईल. यासाठी कायद्यात बदल लागत नाही, फार पैसाही लागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक वजनकाटा आणि नोंद ठेवणारा एक माणूस लागतो.

प्रवासाची पूर्वतयारीही इतिहासाच्या भानाने करावी. भारतात लाळ्या-खुरकूत अजून आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्या पाहुण्याला विमानतळावर विचारतात, गेल्या काही दिवसांत गोठ्यात गेला होतात का, आणि बुटांची तपासणी होते. तिथे खोटे बोलू नये, चपला-बूट धुऊन न्यावेत, शक्यतो गोठ्यात कधीही न वापरलेले न्यावेत. येताना कोणत्याही मोहाने गवताचे बी किंवा वीर्याच्या कांड्या बॅगेत घालू नयेत. त्यासाठी सरकारी वाट आहे आणि ती १९२० नंतरच्या शहाणपणातून आलेली आहे.

आणि निघण्याआधी आपले जनावर पाहून घ्यावे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत एक दिवस घालवावा, देवणीच्या एखाद्या जुन्या पशुपालकाकडे वानेरा आणि बालंक्या यांतला फरक समजून घ्यावा, माळेगावच्या यात्रेत लाल कंधारीच्या वळूंसमोर उभे राहावे. वळूचे वशिंड पाहून त्याचा आजा सांगणाऱ्या माणसाचे ज्ञान घेऊन जो उबेराब्याला जाईल, तो तिथे पाहुणा म्हणून न जाता त्या गुरांच्या मूळ घरचा माणूस म्हणून जाईल, आणि त्याचे प्रश्न वेगळे असतील.

कृषी आणि पशुसंवर्धन विभागाला या लेखाच्या निमित्ताने एक विनंती. परदेश दौऱ्यांच्या यादीत इस्रायल आणि युरोपसोबत ब्राझीलमधल्या उबेराब्याचे नाव घालावे, आणि पहिल्या तुकडीत मराठवाड्यातले, विशेषतः जालना, परभणी, नांदेड आणि लातूरचे पशुपालक घ्यावेत. तिथले वशिंडाच्या गुरांचे मोठे प्रदर्शन, एक्स्पोझेबू, दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते आणि मे महिन्यात चालते. त्या दिवसांत रब्बी हाती आलेले असते, खरिपाच्या पेरणीला अजून महिनाभर अवकाश असतो, आणि शेतकऱ्याला आठ-दहा दिवस घरापासून दूर राहता येते.